बालपणीच्या आठवणीवरची भयकथा: भीती नेमकी कुठे ठेवायची?

अर्धविराम (धागाकर्ता)

बालपणीच्या आठवणीवर मानसशास्त्रीय भयकथा लिहायची म्हटलं की पहिला शोध सुरू होतो तो भयंकर घटनेचा. तळघर, आग, गायब झालेलं भावंड. घटना जेवढी मोठी, तेवढा वाचक 'तेव्हा झालं काय?' या प्रश्नामागे धावतो आणि कथा गुपचूप रहस्यकथा होऊन बसते. उकल झाली की भीती संपली.

माझं म्हणणं, घटना फुटकळ ठेवावी आणि प्रश्न बदलावा: ही आठवण हिच्याकडे आली कुठून? ते ठरत नाही तोवर वाचकाला स्वस्थ बसता येत नाही, आणि पुस्तक मिटल्यावर तो स्वतःच्या आठवणी तपासायला लागतो.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक बीज ठेवतो. त्याच्याभोवतीच बोलू.

निवेदिका तेव्हा चार वर्षांची. लपाछपी चालू आहे. ती कपाटात बसलीय. बाहेर कुणीतरी आकडे मोजतंय, आवाज ओळखीचा. मोजणी त्र्याहत्तरला थांबते. पुढचं काही आठवत नाही.

रक्त नाही, भूत नाही. यातून चार हजार शब्दांची कथा कशी काढाल?

गवाक्ष

आधी वय पक्कं करा. मोठ्या माणसांची सर्वांत जुनी आठवण सरासरीनं तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. त्याआधीचं जवळपास पुसलेलं असतं. म्हणजे चार हे वय चालतं, पण अगदी काठावरचं आहे. तुमच्या पात्राला दीड वर्षाची असतानाचं लख्ख आठवत असेल, तर जाणत्या वाचकाच्या दृष्टीनं ती आठवण तिथेच संशयित ठरते. तसं हवं असेल तरच करा; नकळत केलंत तर ती चूक दिसते.

दुसरं, त्या वयाकडे असलेले शब्द. २००२ मध्ये सिमकॉक आणि हेन यांनी लहान मुलांना एक 'जादूचं यंत्र' दाखवलं होतं. यंत्रात खेळणं टाकलं की बाहेर त्याची छोटी आवृत्ती यायची. सहा महिन्यांनी किंवा वर्षानं विचारलं तेव्हा मुलांनी यंत्र चालवून दाखवलं, चित्रंही ओळखली. पण वर्णन करताना त्यांनी प्रसंगाच्या वेळी येत नसलेले शब्द वापरले नाहीत. मधल्या काळात ते शब्द शिकून झाले होते, तरीही. लेखकाला यातून थेट कसोटी मिळते. तुमच्या आठवणीतला प्रत्येक नामवाचक शब्द त्या वयाकडे होता का? नसेल तर तो नंतर कुणीतरी आणून ठेवलाय.

आता त्र्याहत्तर. मराठीत शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो. त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी या गल्लीत मोठ्यांचीही जीभ अडखळते. चार वर्षांचं मूल वीसपर्यंत न चुकता म्हणालं तरी पुष्कळ. मग कपाटातल्या मुलीला 'त्र्याहत्तर' ऐकू आलं आणि लक्षात राहिलं, हे कसं?

तीन वाटा दिसतात. एक, तिचं वय चुकलंय, प्रसंग दोन-तीन वर्षांनंतरचा आहे. दोन, आकडा तिला नंतर कुणीतरी सांगितला, आणि सांगणारा तेव्हा खोलीत होता. तीन, मोजणारी तीच होती.

तिसरी वाट मला सर्वांत वाईट वाटते. म्हणजे चांगली.

तिठा

तिसऱ्या वाटेला टेकू देता येईल. १९८३ मध्ये निग्रो आणि नायसर यांनी आठवणींतल्या नजरेचा अभ्यास केला. काही आठवणी आपल्याच डोळ्यांतून दिसतात, काहींत आपण स्वतःला बाहेरून पाहतो. जुन्या आठवणींत हे बाहेरून पाहणं जास्त आढळतं. म्हणजे ही रोजची, निरोगी माणसाचीही गोष्ट आहे, आणि म्हणूनच कथेत बिनबोभाट पेरता येते.

पहिल्या पानावर निवेदिका सहज म्हणेल: 'लाल फ्रॉक, गुडघ्यांत घातलेलं डोकं, एका पायातला मोजा खाली घसरलेला.' वाचक खटकून घेत नाही, कारण तोही स्वतःला असाच आठवतो. हजार-दीड हजार शब्दांनंतर दुसरं कुणीतरी साध्या आवाजात विचारेल, 'कपाटाचं दार लावलेलं होतं ना? मग फ्रॉकचा रंग कसा दिसला तुला?' एवढंच. लगेच विषय बदला. उत्तर देऊ नका, निवेदिकेला दचकू देऊ नका.

उंचीही मोजून घ्या. चार वर्षांचं मूल साधारण १०० सेंटीमीटर उंच असतं, सात वर्षांचं साधारण १२०. कपाटाची मूठ जमिनीपासून एक मीटरवर धरा. चार वर्षांच्या मुलीला ती डोक्याच्या पातळीवर येईल, सात वर्षांच्या मुलीला खांद्याच्या जरा वर. 'खांद्याशी थंडगार मूठ लागली' हे वाक्य एकदा लिहून सोडून द्या. कुणी मोजणार नाही. पण दुसऱ्यांदा वाचणाऱ्याला हिशेब लागेल: ही मुलगी सात वर्षांची आहे, आणि कपाटाच्या बाहेर उभी आहे.

स्वल्प

बापरे. म्हणजे आत चार वर्षांची दुसरीच कुणीतरी होती, आणि हिनं तिची आठवण स्वतःची म्हणून घेतली?

तिठा

हो. आणि त्र्याहत्तरला मोजणं का थांबवलं, हे कथेत कुठेच यायला नको.

अर्धविराम

आता बीज हललं. हे सांभाळायला मी चार रकान्यांचा तक्ता सुचवतो. तो कथेत येत नाही, लेखकाच्या टेबलावर राहतो. पहिला रकाना: प्रत्यक्षात काय घडलं. दुसरा: त्या वयाच्या मुलाला त्यातलं काय दिसलं, ऐकू आलं. तिसरा: घरच्यांनी नंतर काय सांगितलं. चौथा: निवेदिका आज काय सांगते. प्रत्येक तपशील, मग तो मोजा असो, मूठ असो वा आकडा, या चारही रकान्यांत तपासायचा.

चारही रकान्यांत सारखा राहणारा तपशील म्हणजे कथेचा खांब. असे दोन-तीन पुरतात. चौथ्यात आहे पण आधीच्या तिन्हींत कुठेच नाही, असा तपशील एकच ठेवा. तो भीतीचा. तीन-चार झाले की वाचक निवेदिकेला खोटारडी ठरवून मोकळा होतो आणि निवांत झोपतो.

उलटी चूक जास्त दिसते: पहिला आणि चौथा रकाना हुबेहूब सारखा. मग ती आठवण राहत नाही, फ्लॅशबॅक होतो.

निशाचर

थोडा विरोध नोंदवतो. तक्ते करून लिहिलेली कथा तक्त्यासारखीच वाचली जाते. पहिला रकाना लेखकानंही रिकामा सोडावा. त्यालाच माहीत नसेल तर संदिग्धता खरी उतरेल.

गवाक्ष

@निशाचर, ऐकायला छान वाटतं, पण लिहिताना नेमकं इथेच घसरतं. लेखकाला माहीत नसलं की तो प्रत्येक प्रसंगात दोन्ही शक्यतांना थोडं थोडं खाऊ घालतो. शेवटी दोन्ही पोसल्या जातात आणि एकही चावत नाही. लेखकाला ठाम माहीत असेल तर तो नेमकं काय दडवायचं ते दडवतो, आणि दडवलेल्याचा आकार वाचकाला चाचपता येतो.

निशाचर

'एकही चावत नाही' हे मान्य. तरी मी पहिला रकाना पेन्सिलीनं भरीन.

मृगजळ

भाषेच्या अंगानं दोन शब्द, कारण मराठी या प्रकाराला फार सोयीची आहे आणि आपण ते वापरत नाही.

घरच्यांकडून कळलेलं सांगताना आपण 'म्हणे' लावतो. 'मी म्हणे तेव्हा दोन दिवस बोललेच नाही.' कथेत सुरुवातीला हा 'म्हणे' नेमानं येऊ द्या. मग एकेका तपशिलावरून तो गळू द्या. 'आई म्हणे दाराशी उभी होती' हे पुढच्या वेळी 'आई दाराशी उभी होती' होतं, आणि त्यापुढे 'आईच्या हातात किल्ली होती' असा नवाच, बिन'म्हणे'चा तपशील उगवतो. ऐकीव गोष्ट स्वतःची कशी होते, हे एका शब्दाच्या जाण्यातून दिसतं. निवेदकाला त्यावर भाष्य करायला लावलंत तर मात्र सगळी मजा गेली.

दुसरं, 'आम्ही'. 'आम्ही त्या खोलीत खेळायचो.' आम्ही कोण? पहिली दोन पानं कुणी विचारत नाही. भावंड नसलेल्या निवेदिकेच्या तोंडी पाच-सहा वेळा 'आम्ही' आला आणि दुसऱ्या माणसाचं नाव एकदाही आलं नाही, तर वाचकाच्या मनात कुठेतरी नोंद होते. अर्धविराम यांच्या बीजात तर हा फुकटात मिळतो.

तिसरं, 'खेळायचो, लपायचो' हा रीतीचा भूतकाळ आणि 'लपले, थांबलं' हा एकदाच घडलेल्याचा. सुरुवात रीतीच्या भूतकाळात करा, सगळं सुरक्षित वाटतं, रोजचंच. मग परिच्छेदाच्या मध्यात, नव्या ओळीवर न जाता, एकदाच्या भूतकाळात उतरा. 'आम्ही लपायचो, ती मोजायची, कधी पन्नास, कधी शंभर, आणि त्र्याहत्तरला थांबली.' सांधा दिसता कामा नये.

एक खबरदारी. प्रथमपुरुषात मराठी क्रियापद लिंग सांगून टाकतं. 'गेलो'-'गेले' लपवण्याच्या नादात वाक्यं वाकडी केलीत तर वाचकाला लगेच वास येतो.

स्वल्प

'म्हणे'चं +१. एक शंका: घरच्या माणसांचे संवाद कसे ठेवायचे? ते आले की सगळं स्पष्ट करून टाकतात.

कोपरा

@स्वल्प, साक्षीदार हे उत्तर देणारं पात्र नसावं, गोंधळ वाढवणारं असावं. यामागे ठोस आधार आहे.

बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांना लहानपणीचा एक प्रसंग स्वच्छ दिसायचा: ते बाबागाडीत आहेत, कुणीतरी त्यांना पळवायला बघतंय, दाई झुंजतेय, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे. ते साधारण पंधरा वर्षांचे असताना त्या दाईनं पत्र पाठवून कबूल केलं की सगळं तिनं रचलं होतं, आणि बक्षीस मिळालेलं घड्याळही परत केलं. ऐकलेली गोष्ट चित्र होऊन बसली होती. कथेच्या दृष्टीनं यातलं सोनं म्हणजे घड्याळ. कबुली हा संवाद झाला, वस्तू हा पुरावा झाला. तुमच्या साक्षीदाराला एक वस्तू परत करायला लावा आणि कारण अर्धंच सांगू द्या.

१९९५ मध्ये लॉफ्टस आणि पिकरेल यांनी चोवीस जणांना त्यांच्या लहानपणीच्या चार गोष्टी दिल्या. तीन खऱ्या, नातेवाइकांकडून मिळवलेल्या. चौथी खोटी, मॉलमध्ये हरवल्याची. साधारण पाव लोकांनी खोटी गोष्ट पूर्ण किंवा अंशतः आपली म्हणून स्वीकारली. पाककृती लक्षात घ्या: तीन खऱ्यांच्या सोबतीनं एक खोटी, आणि सांगणारा घरातला. तुमच्या कथेतल्या मावशीनं आधी तीन बिनमहत्त्वाच्या, तपासता येणाऱ्या गोष्टी बरोबर सांगाव्यात. चौथीवर मग वाचकही विश्वास ठेवतो.

फोटोचंही तसंच. २००२ मध्ये वेड आणि सहकाऱ्यांनी वीस जणांना त्यांच्या बालपणीचा बनावट फोटो दाखवला, उष्ण हवेच्या फुग्यात बसल्याचा. तीन मुलाखतींच्या अखेरीस निम्म्यांना ती सफर थोडीफार तरी 'आठवली'. म्हणून कथेत फोटो पुरावा म्हणून आणू नका. तो संसर्ग म्हणून आणा. आधी फोटो सापडावा, मग आठवणीत लाल फ्रॉक यावा. क्रम वाचकाला दिसेल इतपत उघडा ठेवा.

तिठा

कोपरा यांच्या फोटोमुळे माझी फ्रॉकची युक्ती दुबळी होते का? निवेदिकेला रंग फोटोतून कळला असेल, तर बाहेरून पाहिल्याचा पुरावा राहत नाही.

कोपरा

बरोबर पकडलंत. दोन्ही एकत्र नकोत. फोटो ठेवायचा तर तो कृष्णधवल ठेवा. मग रंग पुन्हा अनाथ होतो.

अर्धविराम

कृष्णधवल फोटो! तक्त्यात चढवला.

आठवण कथेत किती वेळा सांगायची, यावर माझं मत: तीनदा. चारदा सांगितली की कंटाळा येतो, दोनदाच सांगितली तर बदल कळत नाही. पहिल्यांदा दीडशे शब्द, दुसऱ्यांदा तीनशे, तिसऱ्यांदा चाळीस. दर वेळी एक गोष्ट वाढते, एक गळते, आणि निवेदिकेची खात्री वाढत जाते. शेवटचं महत्त्वाचं, कारण माणसाची खात्री आणि अचूकता या दोन वेगळ्या वाटा आहेत. १९८६ च्या चॅलेंजर यानाच्या स्फोटानंतर दुसऱ्या दिवशी नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कुणी सांगितली. अडीच-तीन वर्षांनी तेच पुन्हा विचारलं. बऱ्याच जणांची उत्तरं बदलली होती आणि खात्री मात्र भक्कम होती. स्वतःच्या अक्षरातला कागद समोर ठेवला तरी जुनी आठवण परत आली नाही.

या शेवटच्या वाक्यात एक अख्खा प्रसंग आहे. निवेदिकेला तिच्याच बाळबोध अक्षरातला कागद मिळतो. त्यावरचा मजकूर तिच्या आठवणीशी जुळत नाही. अक्षर तिचंच आहे, हे ती मान्य करते. मजकूर मान्य करत नाही.

मृगजळ

अक्षर सात वर्षांच्या मुलीचं ठेवा, म्हणजे जोडाक्षरं येणारी. चार वर्षांच्या मुलीकडून 'त्र्याहत्तर' लिहून होणार नाही.

निशाचर

दोन गोष्टींबद्दल आत्ताच बोललेलं बरं, कारण हौशी कथा हमखास तिथे वळतात.

एक, संमोहन. पात्र डॉक्टरकडे जातं, खुर्चीत डोळे मिटतं आणि 'सत्य' बाहेर येतं. संमोहनानं आठवण अचूक होत नाही. सांगणाऱ्याची खात्री वाढते आणि नवे तपशील चिकटतात. वापरायचंच असेल तर आठवण आणखी बिघडवण्यासाठी वापरा.

दोन, शेवटी 'लहानपणी अत्याचार झाला होता' हा धक्का. प्रत्यक्षात ज्यांच्यावर हे गुदरलंय त्यांच्यापैकी अनेकांना ते विसरताच येत नाही, ही त्यांची खरी अडचण असते. धक्क्यासाठी ते वापरणं स्वस्तातलं काम आहे. त्याला दुसरी बाजूही आहे. कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये सुरू झालेल्या मॅकमार्टिन बालवाडी प्रकरणात मुलांना पुन्हा पुन्हा, सुचवणारे प्रश्न विचारले गेले, मुलांनी अशक्य कोटीतल्या गोष्टी सांगितल्या, आणि १९९० पर्यंत चाललेल्या खटल्यात एकालाही दोषी ठरवता आलं नाही. भयकथा लिहायचीच असेल तर ती प्रश्न विचारणाऱ्याची लिहा. 'मग त्यानं काय केलं?' आणि 'मग काय झालं?' या दोन प्रश्नांतल्या फरकावर एक कथा उभी राहते.

स्वल्प

@निशाचर, ती प्रश्न विचारणाऱ्याची कल्पना वेगळ्या धाग्याच्या लायकीची आहे.

गतीबद्दल कुणी सांगाल का? चार हजार शब्दांत पहिला संशय कुठे यावा?

गवाक्ष

पहिली विसंगती पहिल्या पाचशे-सहाशे शब्दांत, पण वाचकाच्या लक्षात न येईल अशी. मूठ खांद्याशी असल्याचं वाक्य तिथे बसवा. पात्रांच्या लक्षात येणारी पहिली विसंगती साधारण एक तृतीयांश कथा झाल्यावर, तेराशे-चौदाशे शब्दांवर. तिथे फ्रॉकचा प्रश्न. मधला मोठा पट्टा घरगुती, जवळजवळ कंटाळवाणा चालतो: कपाट कुणाला द्यायचं, घर कधी रिकामं करायचं. तीन हजारांच्या आसपास कागद. शेवटचे पाच-सहाशे शब्द आठवणीचं तिसरं सांगणं आणि एखादं साधं काम.

टिंबं आवरा. '....आणि मग....' हे भयकथेत इतकं झालंय की वाचक टिंबं दिसली की सावध होतो, आणि सावध वाचक घाबरत नाही. उद्गारचिन्हांचंही तेच. किंचाळी, दातखीळ, घामाघूम होऊन जागं होणं या शारीरिक खुणा पात्रानं केल्या की वाचकाला करायला काही उरत नाही. मुलांचे बोबडे संवादही नकोत. चार वर्षांचं मूल बरंचसं नीट बोलतं, फक्त कारणं चुकीची जोडतं. 'मी डोळे मिटले म्हणून ती गेली.' हे बोबडेपणापेक्षा कितीतरी भीतीदायक आहे.

वासाबद्दल एक. वासानं जाग्या होणाऱ्या आठवणी शब्दांनी जाग्या होणाऱ्यांपेक्षा जास्त लहान वयातल्या, पहिल्या दहा वर्षांतल्या निघतात. म्हणून कपाटाचा वास हे दार म्हणून चालेल. पण कथेत एकदाच. दर पानाला वास आला की ते तंत्र उघडं पडतं.

स्वल्प

आणि शेवट? ती मोजणारी होती, हे वाचकाला कळायलाच हवं ना? नाहीतर निम्मे प्रतिसाद 'कळली नाही' असे येतील.

तिठा

तीन खुणा पुरतात: मूठ, रंग, अक्षर. त्या तिन्ही वेगवेगळ्या जातीच्या असल्या पाहिजेत. एक शरीराची, एक डोळ्यांची, एक कागदावरची. तिन्ही एकाच जातीच्या असल्या तर एक सुटली की सगळ्या सुटतात. निवेदिकेनं कबुली द्यायची नाही. शेवटच्या प्रसंगात तिला काहीतरी मोजायला द्या, खोकी, चादरी, काहीही, आणि आकडा सत्तरच्या घरात जाऊ देऊ नका. साठला काम संपवा. ज्याला कळलंय तो पुढचे आकडे स्वतःच मोजेल.

निशाचर

साठही नको, चाळीसच्या आत संपवा. साठ म्हणजे लेखक डोळा मारतोय असं वाटतं.

तिठा

पटलं. अडतीस.

कोपरा

@स्वल्प, 'कळली नाही' असे काही प्रतिसाद येणारच, त्याला घाबरून शेवटी खुलाशाचा परिच्छेद जोडू नका. त्याऐवजी छापण्याआधी दोघांना वाचायला द्या, एक पटकन वाचणारा आणि एक सावकाश. 'काय झालं असं वाटतं?' असं विचारू नका, तो सुचवणारा प्रश्न झाला. 'कथा पुन्हा तोंडी सांगा' एवढंच म्हणा. सांगताना पटकन वाचणाऱ्यानं 'ती कपाटात होती' म्हटलं आणि सावकाश वाचणारा त्याच वाक्यावर अडखळला, तर मात्रा बरोबर आहे. दोघंही अडखळले तर एक खूण कमी करा, कागदाची आधी. दोघंही सरळ बोलून गेले तर मुठीचं वाक्य परिच्छेदाच्या शेवटी आणा. शेवटच्या जागेवरचा तपशील जास्त लक्षात राहतो.

स्वल्प

हे उपयोगाचं आहे. दोन भागांत क्रमशः टाकायची असेल तर कुठे तोडू?

गवाक्ष

फ्रॉकच्या प्रश्नावर तोडू नका, ते सगळेच करतील आणि पुढचा भाग येईपर्यंत प्रतिसादांत उकल होऊन जाईल. त्यानंतरच्या कंटाळवाण्या पट्ट्यात, कपाट उचलायला माणसं येतात तिथे तोडा. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला 'मागील भागात' असा सारांश देऊ नका. सारांशात तुम्हाला आठवण चौथ्यांदा सांगावी लागेल, आणि तीही लेखकाच्या आवाजात.